ह्रस्व वेलांटीचा हात

शनिवार, रात्री

माझ्या हौसेच्या मराठी फॉन्टसाठी आज दिवसभर एकच काम: ह्रस्व वेलांटी. तिचा वरचा वळसा पुढच्या अक्षराच्या दांडीवर येऊन टेकला पाहिजे. आता 'प'ची दांडी उजव्या टोकाला, 'क' आणि 'फ'ची मधोमध, 'ट'ला नुसता देठ. 'शक्तिमान' लिहायचं तर वेलांटी अर्ध्या 'क'च्याही अलीकडे उभी राहणार आणि वळसा पार 'त'च्या दांडीपर्यंत जाणार. एका मापात भागतच नाही. मग लांबी थोडीथोडी वाढवत वेलांट्यांची रांगच काढली आणि कुठल्या अक्षराला कुठली लागेल याचे नियम फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहीत बसलो. टाइप करताना आपण वेलांटी अक्षरानंतर मारतो, साठवलीही तशीच जाते. तिला उचलून अक्षराच्या डावीकडे बसवण्याचं काम हार्फबझसारखी, पडद्यावर अक्षरांची जुळणी करणारी प्रणाली करते. फॉन्टकडे योग्य मापाची वेलांटी तयार हवी, बस.

अडलं की 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट उघडून बघतो. ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली असल्यामुळे त्याच्या आतलं सगळं पाहता येतं. दुसऱ्याचं घड्याळ खोलून बघण्याचा आनंद, तोही राजरोस. विंडोजच्या 'मंगल' फॉन्टवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला त्याचे कर्ते र. कृ. जोशींनी त्यात काय काय निस्तरलं असेल, हे आता कुठे कळू लागलंय.

अक्षरं काढणं त्या मानाने सुखाचं. कटनिबने, म्हणजे तिरक्या कापाच्या निबने, कागदावर लिहायचं, स्कॅन करायचं आणि वरून नव्याने वक्ररेषा ओढायच्या. आपोआप ट्रेस केलं तर शेकडो नको ते बिंदू येतात, ते साफ करण्यापेक्षा हाताने काढलेलं बरं. देवनागरीच्या निबचा काप रोमनच्या उलट्या बाजूला असतो, त्यामुळे जाडी कुठे येणार हे निबच ठरवते. शिरोरेषा मात्र प्रत्येक अक्षराच्या रुंदीबाहेर किंचित काढावी लागते. नाहीतर पडद्यावर जोडाच्या जागी पांढरी चीर दिसते.

जेवणानंतर 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारीशेजारी लिहून पाहिले. पहिल्यात रफार, दुसऱ्यात ती छोटी आडवी चंद्रकोर. कित्येक फॉन्टांत या चंद्रकोरीच्या जागी नुक्ता (खालचा टिंब) आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) लटकवलेला 'र' दिसतो. 'सुऱ्या', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' ज्याच्यात नीट उमटत नाही त्या फॉन्टला, त्याच्यावर मराठी असं कितीही लिहिलेलं असो, मी मराठी म्हणणार नाही.

'ल' आणि 'श'चंही तेच, मराठीत त्यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी वळण दाखवायचं, अशी सोय फॉन्टमध्ये करता येते. पण ही भाषा सांगतं कोण? व्हॉट्सॲपवर शुभेच्छा लिहिणारा तर नक्कीच नाही. म्हणून मी मूळ आकारच मराठी ठेवलेत आणि हिंदीसाठी वेगळी सोय केली आहे. यात थोडा दुराग्रह आहे, असू दे. हौसेच्या कामात एवढी मुभा नसेल तर नोकरी काय वाईट!

अंक झाले. 'ङ' आणि 'ञ' उरकून टाकले. राहिला 'ळ'. दोन्ही गोल एकाच मापाचे काढले की त्यातला एक डोळ्याला मोठा वाटतो, त्यामुळे मोजपट्टी बाजूला ठेवून नजरेनेच ठरवावं लागेल. तो जमला की उद्या 'कळवळा' लिहून प्रिंट काढायची. इतके गोल एका ओळीत आले की कुठली जाडी फसली आहे ते लगेच दिसतं.