तुम्ही विचारलंत म्हणून: परत मोठ्या कंपनीत का गेले

"छोट्या कंपनीत कामं भराभर होतात असं तूच सांगायचीस ना, मग परत हिंजवडीला कशाला गेलीस?" हे आता मावशीपासून ज्युनियर पोरांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय, म्हणून एकदाच लिहिते.

हो, व्हायची भराभर. सकाळी क्लायंटने मागितलं की संध्याकाळी लाइव्ह. आठ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या 28, चाळीस जणांत 780, हा हिशोब मीच ऐकवायचे, वर व्हॉट्सअ‍ॅपचा दाखला, 2014 मध्ये फेसबुकने 19 अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा 45 कोटी युजर आणि इंजिनियर फक्त 32! ते 32 जण एकाच अ‍ॅपवर होते आणि आम्ही आठ जण येईल त्या क्लायंटला हो म्हणत होतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मग ताईचं लग्न, सांगलीला. हळदीच्या दिवशी दुपारी फोन, क्लायंटची साइट उघडत नाहीये, ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतोय. साइट सुरक्षित आहे हे ब्राउझरला सांगणारं सर्टिफिकेट एक्स्पायर झालेलं. आठवण करून देणारे मेल जात होते नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या इनबॉक्समध्ये. सर्व्हरचं कळणारी उरलेली मी एकटी. कार्यालयाच्या जिन्यात बसले, हाताला हळद, फोनचा हॉटस्पॉट. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, लॉगिन होतं माझ्याकडे पण ओटीपी जाणार सरांच्या फोनवर आणि सर विमानात! चार तास गेले. क्लायंट ओरडतोय, आत्या येऊन विचारतेय "काय गं, आज तरी ठेव ते." ताईला हळद लावताना मी तिथे नव्हते. फोटोंतही नाहीये. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

चूक कुणाची? माझीही. तीन वर्षांत एकदाही कागदावर काही उतरवून ठेवलं नाही, कारण सगळं मलाच माहीत आहे याचा आतून माज होता.

आणि मोठ्या कंपनीत सगळं छान आहे असं मी म्हटलेलंच नाही. बटणावरचा एक शब्द बदलायला पाच आठवडे लागलेत इथे. गेल्या वर्षी इथेही एक सर्टिफिकेट एक्स्पायर झालं. कॉलवर 23 जण, ते कोणत्या टीमचं यावरच दीड तास, चालू व्हायला सहा तास. म्हणजे माझ्यापेक्षा दोन जास्त, तेही कुणी विमानात वगैरे नसताना.

मी तेव्हा सांगलीत होते, भाचीच्या बारशाला. सोमवारी मेल वाचल्यावर कळलं. कुणी फोनही केला नव्हता मला. बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा लागलंही.