लॉक नसलेला चाकू, नौपाड्यातलं सागवान आणि दोन्हीकडचे टीकाकार

डिसेंबरात ठाण्याला आले होते तेव्हा माझा चाकू ज्यांनी ज्यांनी हातात घेतला, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलं, "याला लॉक नाही?" मावसभावाने, म्हणजे दादाने, विचारलं, त्याच्या ट्रेकच्या ग्रुपने विचारलं, खालच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलानेही विचारलं. तेव्हा थोडक्यात उत्तर देऊन विषय संपवला. शेफील्डला परत आल्यावर मात्र तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्यामुळे आज सविस्तर लिहिते.

लॉक नाही, कारण इंग्लंडमध्ये लॉकवाला चाकू नुसता सवय म्हणून खिशात टाकून बाहेर पडता येत नाही. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टमधलं १३९ वं कलम यासाठी आहे. सूट मिळते ती घडीच्या चाकूला, आणि तीही धार तीन इंचांच्या आत असेल तर. १९९३ साली न्यायालयाने पुढचं स्पष्ट केलं. पातं उघडून पक्कं अडकत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो घडीचा चाकू उरतच नाही. मग तो दीड इंचाचा का असेना, तो जवळ ठेवायला सबळ कारण द्यावं लागतं. कामासाठी लागतो, धर्मासाठी लागतो, असं काहीतरी. कारण नसेल तर चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत परवान्याची भाषा सुरू होते ती नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यापासून. पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश अधूनमधून निघतात ते वेगळे. त्यामुळे ठाण्यात बसून "लॉक नाही?" विचारणाऱ्याला माझी अडचण एकदम कळणार नाही, हे मला मान्य आहे.

सुरुवातीला मलाही या नियमाचा राग आला होता. शेफील्डचं सगळं नावच मुळी चाकूसुऱ्यांवर उभं आहे. इथल्या चाकूवाल्यांच्या संघाला, म्हणजे कटलर्स कंपनीला, १६२४ साली कायद्याने मान्यता मिळाली. कॅथीड्रलसमोर त्यांचा हॉल अजून दिमाखात उभा आहे. अशा गावात कुणी माझ्या खिशातल्या चाकूचा हिशेब मागावा, हे पटत नव्हतं. पण त्याच नियमामुळे मी स्प्रिंगच्या चाकूंकडे वळले, आणि आता लॉकवाला फुकट दिला तरी घेणार नाही. यात हट्ट नाही, कारण सांगते.

या चाकूत पात्याच्या मागे पोलादाची एक जाड स्प्रिंग असते. पातं उघडं असो की मिटलेलं, ती बुडाला दाबून धरते. पातं जागेवर राहतं ते त्या दाबावर. उलट्या दिशेने जोर दिलात तर ते मिटणार. म्हणून हात आपोआप शिकतो की कापायचं ते धारेच्या दिशेनेच, टोकाने काही उचकटायचं नाही, डब्याचं झाकण उघडायला चाकू वापरायचा नाही. लॉक असला की माणूस हे सगळं करतो. आणि लॉकच्या खाचेत खिशातला कचरा किंवा सुताचा गोळा गेला की तोही नीट बसत नाही. हे ट्रेकच्या ग्रुपमधल्या मंडळींना सांगून झालंय, त्यांना ते पटलेलं नाही.

आता चाकूबद्दल. तो मी इथल्या रविवारच्या जुन्या बाजारात घेतला. पात्यावर बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलंय, फक्त 'शेफील्ड' एवढं वाचता येतं. पातं लॅम्बफूट घाटाचं, म्हणजे धार सरळ रेषेत आणि पाठ टोकाकडे उतरत आलेली. शेतकरी आणि माळी हा घाट वापरत आले आहेत. मुठीवर सेल्युलॉइडच्या पट्ट्या होत्या, त्या तडकून भुगा व्हायला लागल्या होत्या. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती शेजारच्या पोलादाला खाते. पात्याच्या ज्या भागावर पट्टी सगळ्यात जास्त तडकली होती, नेमका तिथेच गंज धरला होता. त्या पट्ट्या काढणं भागच होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे यावरून मला बरंच ऐकावं लागलं.

चाकू चेक-इन बॅगेत टाकून मी ठाण्याला नेला, तो बाबांच्या हाताखाली नीट करायला. बाबांचं सगळं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. घरातल्या बाल्कनीत त्यांचा व्हाइस अजून बसवलेला आहे, कानशी आकाराप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि बॉलपीन हातोडीला हात लावायचा तर आधी विचारावं लागतं. लाकूड त्यांच्याच मित्राने दिलं. नौपाड्यातली त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा पाडायच्या आधी काकांनी स्वतःच्या खोलीच्या दाराची चौकट सोडवून घेतली होती. त्या चौकटीचा वीतभर तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "वाया घालवू नकोस गं." वरचा ऑइलपेंटचा थर खरवडला तेव्हा आतून मधासारखा रंग आणि काळ्या रेषा निघाल्या.

सागवानावर काम करणं सोपं नाही. त्यात सिलिका असते, त्यामुळे करवतीची आणि कानशीची धार पटकन जाते. शिवाय लाकूड तेलकट. तसंच चिकटवलं तर ॲरल्डाइट वर्षभरात सोडून देईल, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसायचं. मग मधला रिव्हेट. हा नुसता पट्ट्या धरणारा खिळा नसतो, मागची स्प्रिंगही त्याच्यावरच टेकलेली असते. त्याचं डोकं कमी ठोकलं तर स्प्रिंग हलते, जास्त ठोकलं तर लाकूड चिरतं. बाबांनी पितळेची सळी कापून घातली, भोकाच्या तोंडाला किंचित उतार दिला आणि हातोडीच्या गोल बाजूने टकटक सुरू केली. हळू, एका लयीत, सळीचं टोक चहूकडून सारखं पसरेल असं. मला म्हणाले, "बघू नकोस, ऐक. आवाज भरीव झाला की थांबायचं." नंतर हातोडी माझ्या हातात दिली. दुसऱ्या बाजूचं डोकं माझं आहे, आणि कानस मारून सपाट केल्यावर कुठलं कोणाचं ते ओळखू येत नाही. पॉलिश पेपर १२० पासून ८०० पर्यंत, वर अळशीचं तेल. तेलाची चिंधी बाबांनी दोरीवर पसरून वाळत घातली. अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात, टूलरूममधल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

त्या रविवारी सकाळी मिसळ खाऊन आम्ही सगळे तलावपाळीला बसलो होतो. मावसभावाच्या ग्रुपमध्ये चाकूंची हौस असलेले चार-पाच जण आहेत. त्यांचे चाकू मोठे, काळ्या पात्याचे, एका अंगठ्याने फट्कन उघडणारे. माझा चाकू हातोहात फिरला. लॉक नाही. एका हाताने उघडत नाही. नखाने उघडायचा म्हणजे नख तुटणार. कार्बन स्टील, म्हणजे ठाण्याच्या पावसाळ्यात गंजणार. सागवान काय, दाराचं लाकूड! मग आलं ते नेहमीचं, "कितीला पडला? एवढ्यात नवा आला असता." आणि एकाने दादाला बाजूला घेऊन, मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हिला कशाला हवा असतो रे चाकू?"

बाकीच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तरं आहेत. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली स्टेनलेस स्टील केलं ते शेफील्डमध्येच, आणि तरीही इथली जाणती माणसं कार्बन स्टील वापरतात, कारण ते सहज धार घेतं. घराघरांतली विळी कार्बनचीच असते. कैरी चिरली की ती काळी पडते, आपण पुसून ठेवतो, वर्षानुवर्षं ती चालते. माझ्या पात्यावर लिंबाने आणि सफरचंदाने निळसर राखाडी थर धरलाय, तो तांबड्या गंजाला बराचसा अडवतो. कापून झालं की पुसते, महिन्याकाठी शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सांध्यात सोडते. संपलं.

शेवटच्या प्रश्नाला मात्र मी उत्तर दिलं नाही, देणारही नाही. ज्या बाईने रिव्हेटचं डोकं स्वतः ठोकलंय तिला चाकू कशाला हवा, हे त्या चाकूकडे बघून कळायला हवं होतं. नख तुटेल म्हणणाऱ्याने तो एकदाही उघडून पाहिला नव्हता. किंमत विचारणाऱ्याने सांधा पाहिला नव्हता. माझं दुखणं टीकेचं नाही, न बघता केलेल्या टीकेचं आहे.

इथे शेफील्डला आमची काही जणांची एक बैठक असते. बहुतेक सगळे निवृत्त, दोघं-तिघं आयुष्यभर सुऱ्यांना धार देण्याच्या धंद्यात होते. परत आल्यावर चाकू तिथे नेला. सगळ्यात वयस्कर आजोबांनी तो कानाजवळ धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि पितळी पट्टी यांच्यामधली फट पाहिली. मग त्यांनी जे सांगितलं त्यात एकही शब्द गोड नव्हता. मूठ जाड झालीय. बोल्स्टरला, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या भागाला, चकाकी देऊन त्याच्यावरची साठ-सत्तर वर्षं पुसून टाकलीस. जुन्या चाकूला हात लावायचाच नाही असं मानणारे इथे बरेच आहेत, ते तुला हे माफ करणार नाहीत. शेवटी म्हणाले, मधला रिव्हेट उत्तम बसलाय, कोणी केला?

मूठ जाडच राहणार. माझ्या तळव्याला भरीव मूठ लागते आणि चाकू मी वापरते, तो काचेच्या कपाटात जायचा नाही. जुन्याला हात न लावण्याचं म्हणाल तर ते सेल्युलॉइड तसंच ठेवलं असतं तर आणखी काही वर्षांत पातंच उरलं नसतं. दोन्ही गोष्टी मी त्यांना तिथेच सांगितल्या. आजोबांनी मान हलवली, पटल्याची की नुसती ऐकल्याची ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. त्यांची एक सूचना मी घेतली, नखाच्या खाचेशेजारची लाकडाची कड थोडी गोल केली. आता पातं पकडायला बोट नीट पोचतं. निघताना त्यांनी निकेल सिल्व्हरच्या सळीचा तुकडा कागदात गुंडाळून दिला, "तुझ्या वडिलांसाठी" म्हणून. पुढच्या चाकूला शिसवी घालायचा विचार सांगितला, तर दुसऱ्याने लगेच बजावलं की शिसवीच्या सगळ्या जाती २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, कच्चा तुकडा बॅगेत टाकून आणशील तर कागदपत्रं लागतील. अशी टीका मला रोज चालेल.

हे वाचून कोणी म्हणेल, गोऱ्यांनी सांगितलं की गोड लागतं. तसं नाही. असंच बोलणं मी ठाण्यातही ऐकलंय, फक्त ते तलावपाळीला ऐकलं नाही. चौकटवाले काका स्वतः वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. चाकू पूर्ण झाल्यावर त्यांनी तो चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरला आणि बाबांना म्हणाले, "या बाजूला उतार कमी दिलास, हा रिव्हेट आधी ढिला होईल." बाबांनी वाद घातला, भिंग आणलं, दोघं पाऊण तास त्या एका टिंबावर बोलत होते. शेफील्डच्या आजोबांची आणि काकांची भाषा एकच आहे. फरक एवढाच, की शेफील्डने आपल्या कारागिरांच्या कार्यशाळा जपल्या. केलम आयलंडच्या संग्रहालयात आणि ॲबीडेलच्या जुन्या कारखान्यात जाऊन सहाण, पट्टा, भाता सगळं बघता येतं, शाळेची मुलं रांगेने येतात. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथल्या कितीतरी शेडच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत. ज्या बाकावर बाबांनी आयुष्य काढलं तो भंगारात गेला. ठाण्यात त्या कामाची आठवण ठेवणारी एक खोली का असू नये? तलावपाळीच्या मंडळींनी सांधा बघायला शिकावं तरी कुठे, हा विचार केला की त्यांच्यावरचा माझा राग थोडा कमी होतो. थोडाच.

काकांच्या चौकटीतला उरलेला तुकडा बाबांकडे आहे. बाजारात मिळालेला असाच दुसरा चाकू मी त्यांच्याकडे ठेवून आलेय आणि निकेल सिल्व्हरची सळी गेल्या महिन्यात मैत्रिणीबरोबर पाठवली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे या वेळी दोन्ही बाजूंना उतार सारखा देणार आहेत, बाबांनी तसं फोनवर कबूल केलंय, अर्थात काकांसमोर नाही. शनिवारी दुपारी ते दोघं बाल्कनीतच असतात. दादा, तुझ्या ग्रुपला घेऊन जा. चाकू मागून घ्या, उघडा, मिटा, स्प्रिंग बघा, एखादी काकडी कापा, आणि मग लॉकबद्दल जे काही म्हणायचंय ते बाबांना सांगा.