डिप्रेशनची औषधं चालू होतीच, पण बिबड्यांच्या हंगामाने मला माणसात आणलं : माझा अनुभव

आई गेल्यावर रडू यायचं ते मला समजत होतं, पण पुढे पुढे रडूही येईना, कशाचंच काही वाटेना, तेव्हा मात्र मी घाबरले. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. भाजीत मीठ टाकलं का ते आठवायचं नाही. धुळ्यात आमच्या गल्लीत दिवसभर दारं उघडी असतात पण मी दुपारी कडी लावून बसायची, कारण कोणी आलं म्हणजे बोलावं लागणार. घरचे म्हणाले थायरॉईड असेल. रक्त तपासलं, नॉर्मल निघालं. ते तपासलं हे चांगलंच झालं, थायरॉईड किंवा बी१२ कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो.

भाचीने टेलिमानसचा १४४१६ नंबर दिला. सरकारी हेल्पलाईन आहे, २०२२ पासून, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. एका रात्री लावला. पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही, झोप कशी, जेवण कसं, आणि मग सरळ विचारलं की जगणं नको वाटतं का. तो प्रश्न कोणीतरी तोंडावर विचारला यानेच मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

मग सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी. केसपेपर, लाईन, सगळं नेहमीचं. तिथे नऊ प्रश्न विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं म्हणून, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. गोळी सुरू झाली आणि मॅडमनी बजावलं की फरक पडायला दोन ते चार आठवडे जातील, आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि अजून एक सांगितलं, जे मला तेव्हा अजिबात पटलं नाही. बरं वाटलं की लोकांत जाईन असं म्हणू नका, आधी जा, बरं वाटणं मागून येतं. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडली की बरं वाटायला काही उरतच नाही, म्हणून अजून कोंडून घेतो, आणि हे तोडायचं तर हातपाय हलवण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मला कोणाच्या घरी नुसतं बसायला जाणं शक्यच नव्हतं. पण उन्हाळा लागला होता, गल्लीत बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, सुरू झालेल्या. शेजारच्या आजी दारात आल्या, तब्येत वगैरे काही विचारलं नाही, म्हणाल्या, चाल व माय, हात कमी पडी राहिनात. झालं. दुःखाचं विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, कामाला नाही कसं म्हणणार? ज्वारी आधीच भिजवून दळून ठेवलेली असते, पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची-तीळ टाकून ते पीठ शिजवायचं, ढवळायलाच दोघी लागतात, आणि ऊन चढायच्या आत खाटेवर वाळत घालायच्या. कोणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं, सगळ्यांची नजर हातांवर. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर थापत रहा. मग गरम पीठ तेल टाकून सगळ्यांनी खाल्लं आणि मला त्याची चव लागली, कितीतरी दिवसांनी.

आणि यात एक फार मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे आळीपाळी. आज त्यांच्याकडे, उद्या दुसरीकडे, मग माझ्याकडे. सगळ्या माझ्याकडे येणार म्हटल्यावर मला ज्वारी भिजवावीच लागली. माझी कोणाला तरी गरज आहे हे मला कोणी समजावलं नाही, ते मला करावं लागलं.

नंतर वाचलं की झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांनाच ट्रेनिंग देऊन दवाखान्याबाहेर बाकावर बसवलंय, लोक त्यांच्याशी बोलतात, तो बाक त्यांच्याकडे उपचाराचाच भाग आहे. मला अजिबात नवल वाटलं नाही. फक्त हे पक्कं सांगते की आजींमुळे माझ्या गोळ्या सुटल्या नाहीत, दोन्ही सोबत चाललं, आणि आता मॅडम डोस हळूहळू कमी करतायत.

वाईट दिवस अजून येतात. त्यासाठी गल्लीतल्या एका मैत्रिणीला सांगून ठेवलंय की मी दोन दिवस दिसले नाही तर फोन करू नको, सरळ घरी ये आणि काहीतरी काम सांग.