कुंभारगावात एका मानेपायी तीन तास

पुण्याहून पहाटे चारला निघालो आणि उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर होतो. सोलापूर रस्त्यानं भिगवण शंभरेक किलोमीटर, तिथून गाव जवळच. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इथे पसरट आणि उथळ आहे. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. म्हणून नोव्हेंबरात घाई करू नका, जानेवारी-फेब्रुवारी बरा. निघण्याआधी नावाड्याला फोन करून पाणी किती आहे ते विचारा.

मागच्या खेपेला ‘अजून थोडं पुढं घ्या’ करत राहिलो आणि थवा उडाला. चाळीस फोटो, सगळे पाठमोरे. यंदा नावाडी काकांना आधीच सांगितलं, मला जवळ नको, वेळ हवाय. “असं म्हणणारं गिऱ्हाईक नसतंय,” म्हणाले. लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूनं रेटत होडी चिखलाला टेकवली.

पाऊण तास काहीच नाही. सावध झालेला रोहित मान काठीसारखी ताठ करतो. तोवर हलायचं नाही. मग एकेक मान खाली गेली. चोच पाण्यात उलटी, पाय जागच्या जागी चिखल तुडवताहेत, गाळलेलं पाणी चोचीच्या कडेनं बाहेर. कॅमेरा मांडीवर ठेवला, स्केचची वही काढली. आठ पानं मान चुकली. नवव्या पानावर उमगलं, वळण मानेत नाही, खांद्यापासूनच सुरू होतंय. त्यानंतर काढलेले फोटो मोजून अकरा, एकाच पक्ष्याचे.

ट्रायपॉड घरीच ठेवा, होडी डुलते. तळाशी बसून लेन्स काठावरच्या टॉवेलवर टेकवा. ४०० मिमीची लेन्स पुरते, पक्षी उडताना शटर १/२००० सेकंद. ऊन चढलं की फोटोत पांढरी पिसं जळतात, नुसती पांढरीफटक दिसतात, एक्स्पोजर थोडं खाली घ्या. वहीसाठी मऊ पेन्सिल. जलरंग मी नेले होते, वाऱ्यानं पान उडून भीमार्पण झालं.

शेजारच्या होडीतून कुरवांना (सीगल) शेव टाकणं चाललं होतं. तसे फोटो भरपूर मिळतात आणि सगळ्यांचे सारखेच दिसतात. पक्ष्यांच्या पोटाचं काय, ते वेगळंच.

परतल्यावर चिलापीचं कालवण. काकांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. “पाय जाड झालेत,” म्हणाले. झालेच होते.