निरो आणि दातांचा डॉक्टर

भाचीने अमेरिकेहून येताना वेल्च्सच्या द्राक्षरसाची बाटली आणली. दुपारी जेवून पडलो होतो, झोप येईना, म्हणून बाटलीवरचं वाचत बसलो (मला खोडच आहे ही, फरसाणाच्या पाकिटावरचं पण सगळं वाचतो) आणि मग मोबाईलवर त्या वेल्चच्या मागेच लागलो. तर हा थॉमस वेल्च चक्क दातांचा डॉक्टर! न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचा, पक्का मेथडिस्ट (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ), दारूच्या नावानेच आठ्या. पण चर्चमध्ये विधीला वाइन लागणार, त्याचं काय? म्हणून १८६९ साली याने द्राक्षांचा रस बाटल्यांत भरला, बुचं ठोकली आणि बाटल्या सोडल्या उकळत्या पाण्यात. यीस्ट मेलं की रस आंबत नाही, ही पाश्चरची आयडिया. नाव काय ठेवलं, तर ‘डॉ. वेल्चची न आंबवलेली वाइन’. चर्चवाल्यांनी फारसं विचारलं नाही, गेला बिचारा परत दात काढायला. खरा धंदा केला तो पोराने, चार्ल्सने, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांना रस पाजून. तोही डेंटिस्टच. घरात दोन डेंटिस्ट आणि विकायला गोड रस, म्हणजे गिऱ्हाईक दोन्हीकडून पक्कं.

मला मात्र गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आजोळ आठवलं. काजूच्या दिवसांत मामा संध्याकाळी तुडवलेल्या बोंडूंचा (काजूच्या फळांचा) ढीग वेलीने आवळून त्यावर दगड ठेवायचा, रात्रभर खाली थेंब थेंब निरो गळायचा. सकाळी स्टीलच्या तांब्यात तो गार, पाण्यासारखा रस, चिमूटभर मीठ टाकून, आणि गिळला की घसा धरणार म्हणजे धरणारच. सदऱ्यावर सांडला की डाग सदऱ्याबरोबरच जायचा. आजी ओरडायची, ‘दहाच्या आत पी रे, मग मला विचारू नको!’ कारण ऊन चढलं की निरो फसफसायला लागतो. तुडवून निघालेला रस तर मोठ्या भांड्यात मुद्दाम आंबत ठेवलेलाच असायचा, भट्टीवर दारू गाळायला. म्हणजे वेल्चने जे थांबवायला एवढी खटपट केली, त्याचीच आमच्याकडे पाळत ठेवून वाट बघत बसायचे.

ती कंपनी १९५६ पासून द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची आहे म्हणे. हे मात्र भारी वाटलं. आमच्याकडेही निरो टेट्रापॅकमध्ये घाला असं दर सीझनला कोणीतरी बोलतंच. मला नाही पटत. उकळलेला निरो म्हणजे काजूचं सरबत, ते हवंय कोणाला? प्यायचाय तर सकाळी उठा आणि सत्तरीत या. उठवत नसेल तर भट्टी आहेच, हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) काय संध्याकाळीही मिळते.