माणगा, कागदावरचा

आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहालयात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी असतात. प्रबंधाला जोडण्यासाठी ‘ही वनस्पती अमुकच आहे’ असे प्रमाणपत्र त्यांना हवे असते, आणि त्यासाठी ते बरोबर आणतात ती बहुधा वाळवून दळलेल्या चूर्णाची बाटली. फूल, फळ, पान यांतले काहीही न पाहता मी त्या भुकटीला लॅटिन नाव देऊन खाली सही करावी, अशी त्यांची आणि त्यांच्या मार्गदर्शकांचीही अपेक्षा असते. गेल्या वर्षी सप्टेंबरात कुडाळ तालुक्यातील एक शेतकरी खताच्या पोत्यात गुंडाळलेला दोन हात लांबीचा बांबू, त्याच बांबूच्या दोन खोळी आणि ओल्या फडक्यात बांधलेली पानांची डहाळी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि मग कामाचे विचारले. बांबूचा नमुना असा आणावा, हे मी एम.एस्सी.च्या मुलांना सांगून थकलो आहे.

“ह्यो माणगो नाय,” ते म्हणाले. “माका ता लिवन देवा.”

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका रोपवाटिकेतून माणगा या बांबूची म्हणून 400 रोपे घेतली होती आणि एकरभर जमिनीत दहा-दहा फुटांवर लावली होती. अनुदानाची अर्धी रक्कम मिळाली होती, उरलेली तपासणीनंतर मिळायची होती. बेटे वाढली तशी ती घरामागच्या, आजोबांनी लावलेल्या माणग्यासारखी दिसेनात. रोपवाटिकेकडे तक्रार केली तर उत्तर आले की बांबू लहान आहे, मोठा झाला की होईल. हे उत्तर संतापजनक असले तरी पूर्णपणे खोटे नाही, आणि माझी अडचण तिथेच सुरू झाली.

फुलाशिवाय बांबू ओळखण्याची सगळी भिस्त कोवळ्या काठीला गुंडाळून येणाऱ्या खोळीवर असते. खोळीच्या टोकाला पाते असते, पाते जिथे जोडलेले असते तिथे आतून एक बारीक जिभली असते आणि दोन्ही बाजूंना कधी कानासारखे पाळे असतात, कधी नसतात. बाहेरच्या अंगावर लव असते. तिचा रंग, ती दाट की विरळ, ती हाताला टोचते की पुसून जाते, हे सगळे टिपून ठेवावे लागते, कारण वाळल्यावर रंग उडतो आणि कागदात दाबताना लव झडते. खोळ कोणत्या पेरावरची आहे यानेही तिचा आकार बदलतो, म्हणून आम्ही खालून पाचव्या-सहाव्या पेरावरची घेतो. आमच्या संग्रहालयातील बांबूंच्या कपाटात गेल्या चाळीस वर्षांतले जे नमुने आहेत, त्यांतील बहुतेकांवर पानांची एक डहाळी चिकटवलेली आहे आणि खाली गावाचे नाव आहे. खोळ नाही, काठीचा तुकडा नाही, बेट दाट होते की विरळ होते याची ओळ नाही. गवताच्या पात्यावरून गवत ओळखायला सांगावे तसा तो प्रकार आहे, आणि ते नमुने गोळा करणाऱ्यांत माझे दोन गुरुजनही आहेत.

पोत्यातून काढलेल्या खोळीवर सोनेरी-तपकिरी, राठ लव होती आणि कान नावापुरतेही नव्हते. ही लक्षणे मेसाकडे, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टसकडे बोट दाखवतात. मात्र बियांपासून झालेल्या बांबूच्या पहिल्या काही वर्षांतील काठ्या बारीक असतात आणि त्यांच्यावरची खोळ पुऱ्या वाढलेल्या काठीच्या खोळीसारखी असेलच असे नाही. एका खोळीवर सही करून मी मोकळा झालो असतो तर समोरच्या वकिलाने मला पाच मिनिटांत उभे-आडवे केले असते. मी त्यांना म्हटले, शेत पाहिल्याशिवाय लिहिणार नाही. ते म्हणाले, गाडी आणली आहे.

माणगा हा सिंधुदुर्गाचा, आणि खाली गोवा-कारवारपर्यंतचा, बांबू. काटे नाहीत, काठी भरीव आणि सरळ, आणि मुख्य म्हणजे बेटातल्या काठ्या एकमेकींपासून सुट्या उभ्या असतात, त्यामुळे तोडणारा माणूस कोयता घेऊन आत जाऊ शकतो. काटस हा काटेरी बांबू ज्याने तोडला आहे त्याला या सुटेपणाची किंमत कळते. फुलोरा क्वचित आणि एखाद-दुसऱ्या बेटाला येतो, आणि आला तरी त्यात दाणा भरत नाही. म्हणून कोकणात माणगा पिढ्यान्‌पिढ्या कंदावरून किंवा काठीच्या तुकड्यांवरून लावला जातो. हे शेतकऱ्याला माहीत होते, मला माहीत होते, आणि रोपवाटिका चालवणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

शेतात शिरल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की कोणतीही दोन बेटे सारखी नव्हती. एकाची लव दाट, शेजारच्याची विरळ. एक डोक्याच्या वर गेलेले, दुसरे कमरेशी खुंटलेले. एकाच्या काठ्या खालपासून फांद्यांनी भरलेल्या, दुसऱ्याच्या जरा मोकळ्या. घरामागच्या माणग्याची अकरा बेटे आम्ही आधीच पाहिली होती, आणि ती एका साच्यातून काढल्यासारखी होती, कारण खरे पाहता ती एकाच झाडाची अकरा अंगे आहेत. समोरच्या एकरात 400 भावंडे उभी होती आणि भावंडांत असतो तसा फरक त्यांच्यात होता.

मग मी कुदळ मागितली. या कामाचा मला अजूनही अभिमान वाटतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. कंदावरून लावलेल्या बांबूच्या बेटाचा मधला भाग उकरला तर तिथे जुन्या, जाड काठीचे खुंट सापडते. ते कुजलेले असले तरी त्याचा घेर कळतो. बियांपासून आलेल्या बेटाच्या मध्यभागी असे खुंट असूच शकत नाही. तिथे असतात पहिल्या वर्षीच्या, गवताच्या काडीएवढ्या बारीक धाटांचे अवशेष, त्यांच्याबाहेर पेन्सिलीएवढी धाटे, त्यांच्याबाहेर बोटाएवढी. झाडाने स्वतःचे वय आतून बाहेर लिहून ठेवलेले असते. आम्ही शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली दोन अशी सहा बेटे उकरली, माती ब्रशने झाडली आणि पट्टी ठेवून छायाचित्रे काढली. सहाही ठिकाणी मध्यभागी काड्याच निघाल्या. शेतकऱ्यांचे वडील बांधावर बसून पाहत होते, ते एवढेच म्हणाले, “माणग्याक बी धरणा नाय, ह्या सांगूक शहरातून सायब आणूक लागलो.”

प्रमाणपत्र मी त्याच रात्री लिहिले. पाहणी केलेली रोपे बियांपासून वाढवलेली असून त्यांची लक्षणे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस या जातीशी जुळतात. स्थानिक भाषेत माणगा म्हणून ओळखला जाणारा बांबू हा स्यूडॉक्सिटेनँथेरा स्टॉक्सी असून प्रस्तुत रोपे त्या जातीची नाहीत. छायाचित्रे जोडली, सही केली, शिक्का मारला. नेमकेपणाचे समाधान घेऊन झोपलो.

दोन महिन्यांनी शेतकऱ्यांचा फोन आला. संबंधित कार्यालयाने तो कागद परत केला होता, वर एका ओळीचा शेरा होता: ‘प्रजातीचे नाव यादीशी जुळत नाही.’ त्यांच्या यादीत माणग्यापुढे डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी असे लिहिलेले होते. आणि रोपवाटिकेच्या पावतीवर, जी मी शेतात असताना मागून पाहायला हवी होती आणि पाहिली नाही, ‘भरीव बांबू, डेंड्रोकॅलॅमस, 400 नग’ एवढेच होते. रोपवाटिकेचे म्हणणे असे झाले, की आम्ही डेंड्रोकॅलॅमस विकला, साहेबांच्या कागदावरही डेंड्रोकॅलॅमसच निघाला, आणि मेस भरीव नसतो असे कोण म्हणतो? माझाच कागद त्यांनी माझ्या शेतकऱ्याविरुद्ध वापरला.

हे कसे झाले ते समजायला त्या नावाचा प्रवास पाहावा लागतो. जॉन एलर्टन स्टॉक्स हा मुंबई इलाख्यातील डॉक्टर. त्याने सिंध आणि कोकणात वनस्पती गोळा केल्या आणि तो 1854 मध्ये वारला. पुढे विल्यम मन्रो या लष्करी अधिकाऱ्याने 1868 मध्ये जगातील बांबूंवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्यात या बांबूला स्टॉक्सच्या नावाने ऑक्सिटेनँथेरा स्टॉक्सी म्हटले. 1988 मध्ये आशियातील काही बांबूंसाठी स्यूडॉक्सिटेनँथेरा ही वेगळी प्रजाती मांडली गेली आणि नंतर आपला बांबू तिच्यात गेला. 2004 मध्ये केरळमधील अभ्यासकांनी तो डेंड्रोकॅलॅमसमध्ये हलवला. आज काही ग्रंथांत तो एका घरात आहे, काहींत दुसऱ्या. या सगळ्या बदलांत ‘स्टॉक्सी’ हा शब्द तसाच राहतो आणि मूळ नाव देणारा मन्रो कंसात बसून सोबत जातो. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने ही सोय नेमकी अशासाठीच केलेली आहे, की पत्ता बदलला तरी माणूस सापडावा. आमच्या परिभाषेत प्रजाती म्हणजे वरचा गट आणि जाती म्हणजे त्यातला घटक. सरकारी कागदांत सर्रास जातीलाच प्रजाती म्हणतात. त्या कार्यालयातील कारकुनाने चुकीच्या अर्थाने वापरलेला शब्द योगायोगाने शास्त्रशुद्ध ठरला: प्रजाती जुळत नव्हती, जाती जुळत होती, आणि हे त्याला सांगणारी ओळ माझ्या कागदावर नव्हती.

खैराच्या बाबतीत हेच मी दहा वर्षे पाहत आलो आहे. खैर-बाभळींनाही लागणारे अकेशिया हे प्रजातीचे नाव ऑस्ट्रेलियातील झाडांकडे राहावे असे 2005 च्या व्हिएन्ना परिषदेत ठरले, 2011 मध्ये मेलबर्नला ते कायम झाले, आणि आपला खैर सेनेगॅलिया झाला, बाभूळ वॅचेलिया झाली. काताच्या धंद्यातील माणसे तेव्हापासून कागदावर दोन्ही नावे लिहून घेतात. ती मला सांगतात, “सर, जुनेही असू दे.” मी नाक मुरडून ते लिहितो. खैराच्या व्यापाऱ्यासाठी जे केले ते या शेतकऱ्यासाठी मला सुचले नाही, कारण त्याने ते मागितले नव्हते.

नवे प्रमाणपत्र मी दुसऱ्याच दिवशी दिले. त्यात तिन्ही नावे, ती एकाच झाडाची असल्याचे विधान आणि स्ट्रिक्टस ही वेगळी जाती असल्याचा स्वतंत्र परिच्छेद होता. शेतकऱ्यांनी फोनवर विचारले, “म्हणजे ता आणि ह्या एकच?” मी हो म्हटले. “मगे ह्यातला खरा खयचा?”

या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकातले होते. माणगा कोणत्या प्रजातीत घालायचा हा वाद मुख्यतः फुलाचा आहे. ऑक्सिटेनँथेराच्या गोतावळ्याची ओळखच अशी, की सहाही पुंकेसरांचे तंतू जुळून त्यांची नळी झालेली असते. डेंड्रोकॅलॅमसमध्ये ते सुटे असतात. मी गेली 22 वर्षे या बांबूला स्यूडॉक्सिटेनँथेरा म्हणत आलो, वर्गात शिकवले, अहवालात लिहिले, शिक्क्याखाली सही केली, आणि या 22 वर्षांत मी माणग्याचे ताजे फूल एकदाही पाहिलेले नव्हते. मी ज्यांच्याकडून शिकलो ते तसे म्हणत, म्हणून मी म्हणत होतो. चूर्णाची बाटली घेऊन येणाऱ्या मुलात आणि माझ्यात या एका बाबतीत किती अंतर होते, हे मला नीटसे सांगता येत नाही.

एप्रिलच्या शेवटी त्यांनी कळवले की घरामागच्या अकरांपैकी एका बेटातली एकच काठी फुलली आहे. मी पहाटे निघालो. काठीवरची पाने गळाली होती आणि पेरापेराशी कणिशकांचे, म्हणजे गवती फुलांच्या इवल्या तुऱ्यांचे, गोल झुबके होते, वाळलेल्या गवताच्या रंगाचे. त्यांनी ते मार्च महिन्यातच पाहिले होते, पण रोग असेल म्हणून वाट पाहिली. परागकोश गळून गेले होते. शंभरेक कणिशके मी बोटांनी चेपून पाहिली, एकातही दाणा नव्हता. परत येऊन ती पाण्यात उकळून मऊ केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पुष्पक, म्हणजे कणिशकातले एकेक फूल, सुईने उघडत गेलो. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या पुष्पकात तंतूंचे अवशेष मिळाले: केसाहून बारीक, एकमेकांना बिलगलेले सहा धागे. ते मुळात जुळलेले होते की वाळताना चिकटले, हे पाहण्यासाठी सुईचे टोक मध्ये घातले तर ते तुटले.

कार्यालयाचे उत्तर अजून आलेले नाही. जूनमध्ये शेतकऱ्यांनी खुंटलेल्या शंभरेक मेसांच्या जागी घरच्या माणग्याचे कंद लावले. उरलेला मेस एका बुरुडाने जागेवर ठरवला आहे, भाव बरा नाही. एप्रिलचा नमुना मी संग्रहात घातला. खोळ, काठीचा तुकडा, कंदाचे छायाचित्र आणि पुष्पकांची पुडी सगळे त्यात आहे. चिठ्ठीवर स्थानिक नावाच्या रकान्यात ‘माणगा’ शाईने लिहिले आहे, ‘स्टॉक्सी’ही शाईने. त्याआधीची जागा पेन्सिलीने भरली आहे, आणि पुढच्या फुलोऱ्याला लगेच फोन करा, अगदी रात्री असला तरी, असे त्यांना सांगून ठेवले आहे.