पट्टीवरचा आकडा

7 डिसेंबर 2023च्या रात्री केंद्राची अधिसूचना आली: 31 मार्चपर्यंत कांदा निर्यात बंद. ऑगस्टपासून चाळीस टक्के शुल्क सोसत होतोच, ऑक्टोबरअखेर टनामागे आठशे डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, आणि आता हे. त्याच दुपारी मी लिलावात लाल कांदा चार हजारांच्या आसपास क्विंटलनं घेतलेला.

उन्हाळ कांदा असता तर साठवणीच्या चाळीत टाकून वाट बघितली असती. लाल कांद्याला तेवढा दम नसतो.

आधीच्या खरेदीचा एक ट्रक न्हावा-शेव्याला पोचून माल कस्टमच्या ताब्यात गेला होता. तसल्या मालाला सूट होती, तो सुटला. दुसरा कसारा घाटात. ड्रायव्हरला म्हटलं, "बंदर सोड, वाशीला घे." उद्या अडकलेले सगळे ट्रक तिथंच वळणार, हे उघड होतं. पहाटेच्या बाजाराला माझा माल उभा राहिला आणि तोटा सोसण्याइतका झाला.

आमच्या धंद्यात बायका नाहीत असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. खळ्यावर निवडायला बसतात त्या बायाच. गोल्टी म्हणजे बारका कांदा, खाद म्हणजे खराब माल, हे वेगळं काढणाऱ्या त्यांच्या हातांना मालाची जी पारख, ती भल्याभल्या शेठांना नाही. मीही त्यांच्यातच बसून शिकले. पण ट्रॉलीमागून फिरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घोळक्यात आमच्याकडे मी एकटीच. कडेवरून हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळचा कांदा ओढायचा, मान दाबून बघायची आणि बोली लावायची.

त्या रात्री एका जुन्या व्यापाऱ्यानं फोन केला, तो माझ्या नवऱ्याला. "सर, वहिनींना समजवा. उद्या पेमेंट नको. भाव कुठं जातो बघू, मग भावाच्या पट्ट्या नव्यानं करू." नवरा हायस्कुलात गणित शिकवतो. म्हणाला, "मला कांदा फक्त चिरताना कळतो. फोन तिला देऊ का?" पलीकडून फोन ठेवला गेला.

8 तारखेला लिलाव बंद. चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरलेले. माझ्या गाळ्यासमोर लिलावातला भाव लिहिलेल्या सौदापट्ट्या घेऊन माणसं उभी. चोवीस तासांत पैसे द्यायचे हा नियमच आहे, पण असल्या दिवशी नियम कोण विचारतो? एक आजोबा पुढे आले.

"शेठ कुठंय?"

"मीच. बसा."

"बरं ताई, किती कापणार?"

"पट्टीवर आकडा आहे ना, तेवढे मिळतील."

त्यांनी पट्टी खिशातून काढली, पण माझ्या हातात देईनात. "नवीन लिहायची न्हाई ना?" नाही म्हटल्यावर दिली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे पैसे गेले आणि बँकेतली कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्याच्या उचलीची, मर्यादा तळाला लागली. पुढे भाव दोन हजारांच्या घरात उतरले. तो तोटा भरायला मला पुढचा उन्हाळ हंगाम लागला.

लिलाव पुन्हा सुरू झाल्यावर त्याच आजोबांची ट्रॉली समोर आली. मी भाव बोलले, दुसऱ्यानं पन्नास रुपये चढवले, मी थांबले. माल त्याला गेला. आजोबा ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाले, "अजून चढायचं होतं की ताई!"

"खाली गोल्टी भरलीय तुम्ही, आजोबा."